जिन्याखालची सरळ रेघ

लातुरात बारावीचं पोर घरात असलेल्या माणसाला फिजिक्सच्या बिराजदार मॅडम माहीत नाहीत असं सहसा होत नाही. औसा रोडच्या एका क्लासच्या मोठ्या हॉलमध्ये त्या शिकवतात. समोर उदगीरची, देगलूरची, नायगावची, पार इस्लापूरकडची पोरं बाकावर बाकाला लागून बसलेली. मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असा खणखणीत आवाज, आणि फळ्यावर अक्षर असं की पोरं फोटो काढून ठेवतात. पण मॅडमची एक सवय पोरांना ठाऊक होती. गणित मांडता मांडता खडू मध्येच थांबायचा. त्या फळ्यावर हात टेकून तशाच उभ्या राहायच्या, काहीतरी ऐकत असल्यासारख्या. मग पुढची ओळ लिहायच्या. मागची पोरं त्याला 'मॅडमचा पॉज' म्हणायची. नवी बॅच पहिल्यांदा हसायची, नंतर हसणं आपोआप बंद व्हायचं.

त्या थांबत, कारण त्यांना भुई हलल्याचं कळायचं.

माहेरची इंदू. औसा तालुक्यातल्या कवठाळीची. वडील शरणप्पा, आई महानंदा, आणि तिच्याहून बराच लहान भाऊ सिद्धलिंग. दगडमातीचं घर, कमरेएवढ्या जाडीच्या भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात त्या घरात माठातल्यासारखं गार वाटायचं. गावातली एमेस्सीला गेलेली पहिली मुलगी ती. त्र्याण्णव साली नांदेडला वसतिगृहात होती.

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या रात्री वसतिगृहातल्या मुली मिरवणूक बघून दमून आल्या आणि झोपल्या. पहाटे भांडी वाजली, कॉट सरकल्या, दारं आपटली. मुली किंचाळत खाली अंगणात धावल्या. अंधारात कोण आलं, कोण राहिलं, कुणी पाहिलं नाही. इंदू मात्र उठलीच नाही. सगळं नांदेड रस्त्यावर आलं होतं आणि ती एकटी वरच्या मजल्यावर, उघड्या दाराच्या खोलीत, गाढ झोपली होती. उजाडल्यावर जाग आली तेव्हा खोली रिकामी होती. गॅलरीतून खाली पाहिलं तर मुली चटया टाकून बसलेल्या, आणि मधोमध कुणाचा तरी रेडिओ. रेडिओवर लातूरचं नाव चाललं होतं.

ती कवठाळीत पोचली तेव्हा घर ओळखू आलं नाही. गल्लीच ओळखू आली नाही. शरणप्पा त्या रात्री राखणीला शेतातल्या आखाड्यावर झोपले होते म्हणून वाचले. आई आणि सिद्धू गेले होते. शरणप्पांच्या हाताची बोटं फडक्यात बांधलेली होती. ते दगडाच्या ढिगावर बसले होते. लेकीला बघून एवढंच म्हणाले, "आलीस का," आणि पुन्हा समोर बघू लागले. त्या दिवसाबद्दल त्यांनी पुढं कधी तोंड उघडलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

पुढं नवं कवठाळी वसलं, जुन्यापासून लांब, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. जुन्या गावात वेड्या बाभळी माजल्या. इंदूचं लग्न झालं, लातूरला आली, नोकरी लागली, मृण्मयी झाली. नवरा सिद्धराम पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. घर बांधलं तेव्हा पायापासून स्लॅबपर्यंत सळई त्यानं स्वतः उभं राहून बांधून घेतली. वर भाड्यानं राहणाऱ्या मुलांसाठी खोल्या काढल्या, कारण लातुरात ज्याच्याकडं वरचा मजला आहे त्याच्याकडं बाहेरगावची मुलं आहेतच.

पण इंदूचं अंग बदललं होतं. ज्या अंगाला त्या पहाटे काही कळलं नव्हतं, त्याला आता सगळं कळायचं. कणीक मळताना, केस विंचरताना, क्लासमध्ये, देवळात. आधी तळपायाखाली बारीक घरघर, मग गुडघ्यात एक सैलपणा, मग थांबायचं. ती दिव्याकडं बघायची. दिवा हलत नसायचा. सिद्धरामला विचारायची, "आत्ता काही झालं का?" तो आधी उठून बघायचा, खिडकीतून बाहेर डोकवायचा. काही वर्षांनी नुसतं "नाही" म्हणू लागला. त्याहून पुढं तिनं विचारणं सोडलं.

तरी एक गोष्ट होती. त्या भागात जमिनीतून आवाज येतात, बारीक धक्केही बसतात, कधी पेपरात छापून येतं, कधी येत नाही. त्यामुळं इंदूला कुणी पुरतं खोटं पाडू शकत नव्हतं. ती स्वतःही पाडू शकत नव्हती. तेच तिला खात होतं. हे भुईचं आहे की माझं? फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

मृण्मयी मेडिकलला नांदेडला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी पडून राहिला. त्याच सुमारास स्टाफरूममध्ये आनंदराज वाघमारे सरांनी विषय काढला. हे भोकरचे, क्लासला गणित शिकवायचे. त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर एकटाच काहीतरी करत असायचा, पडद्यावर रंगीत आकृत्या फिरत असायच्या.

"सर, हे काय चालू आहे?" इंदूनं विचारलं.

"माझं न्हाई ते मॅडम. दुसऱ्याचं काम करून राहिला तो," आनंदराज म्हणाले. "जगात कुठंतरी संशोधन चाललंय. हिशोब इतका मोठा की एका मशिनला शंभर वर्षंपण पुरायची न्हाईत. मग ते त्याचे बारीक तुकडे करून लोकांच्या घरी पाठवतात. आपण वापरत नसलो की आपला कॉम्प्युटर तुकडा सोडवतो अन् परत धाडतो. कुणी औषधाचा करतं, कुणी ताऱ्यांचा. भूकंपाचापण हाय एक."

इंदूनं हातातला कप खाली ठेवला. "भूकंपाचा कसा?"

"एक डबी देतात. जमिनीला चिकटवायची, वायर कॉम्प्युटरला. भुई हलली की नोंद आपोआप जाते. हजार घरांतून नोंदी आल्या की कुठं हललं ते त्यांना कळतं. म्हणजे डबी एकट्याची काही कामाची न्हाई, पण…"

पुढचं इंदूनं ऐकलं नाही. आनंदराजनी तिच्या वतीनं त्या परदेशी विद्यापीठाला मेल केला. बरेच आठवडे गेले. ती विसरली असं दाखवत होती, पण पोस्टमनची सायकल वाजली की दारात यायची. शेवटी एक खोका आला. आत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी आणि एक वायर.

प्रोग्राम तिनं स्वतः बसवला. आनंदराज येतो म्हणाले होते, ती नको म्हणाली. रविवार होता, सिद्धराम साइटवर गेला होता. इंटरनेट असं की फाईल उतरायला लागायची आणि अर्ध्यावर वीज जायची, पुन्हा पहिल्यापासून. तिनं इन्व्हर्टरची वायर ओढून आणली. फाईल उतरली तर व्हायरस अडवणाऱ्या पहारेकऱ्यानं हरकत घेतली, त्याला परवानगी दिली. मग नाव मागितलं, पासवर्ड मागितला. मग प्रकल्पांची लांबलचक जंत्री आली. तिनं भूकंपाचा निवडला, आणि खाली एक औषधांचा होता तोही जोडला, कारण नुसतं भुईकडं कान लावून बसलेलं मशीन तिला बरं वाटेना. मशिनची ताकद किती वापरायची असं विचारलं, तिथं तिनं निम्मी लिहिली. लातूरच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर पूर्ण जोरानं चालवला तर त्यावर भाकरी शेकता येईल.

डबी कुठं बसवायची, हा खरा प्रश्न. टेबलावर चालत नाही, वरच्या मजल्यावर चालत नाही. थेट जमिनीवर, आणि तिच्यावरचा बाण उत्तरेकडं. जिन्याखाली अडगळीची खोली होती. इंदूनं तिथले डबे, जुनी पुस्तकं, मृण्मयीची तिचाकी बाहेर काढली, फरशी पुसली, होकायंत्र ठेवून उत्तर पाहिली आणि डबी चिकटवली. कॉम्प्युटरही तिथंच आणला, एका स्टुलावर. पडद्यावर तीन रेघा सरकू लागल्या, एकीखाली एक. तिनं शेजारच्या फरशीवर हलकेच टाच आपटली. रेघांनी लगेच शहारल्यासारखं केलं. तिच्याशिवाय कुणीतरी पहिल्यांदाच भुईकडं लक्ष देत होतं.

संध्याकाळी सिद्धराम आला, वाकून खोलीत डोकावला. "फरशीला काय चिकटवलंस?" म्हणाला. तिनं सांगितलं. तो पडद्यावरच्या रेघा बघू लागला. मग म्हणाला, "बरं केलंस. कळेल तरी."

सुरुवातीचे दिवस तिनं रेघा वाचायला शिकण्यात घालवले. वरची पोरं जिन्यावरून धावली की दाट केस उभे राहिल्यासारखं दिसायचं. मोटार लावली की एकसारखी झालर. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता, लातूर टँकरवर जगत होतं. गल्लीत टँकर शिरला की रेघ लांबूनच फुगायला लागायची, घरासमोर आला की थरथराट, मग बादल्यांचं खाडखाड. घरात कोण कुठं चालतंय ते तिला पडद्यावरून कळू लागलं. सिद्धरामचं डावं पाऊल जड पडतं हे लग्नाला इतकी वर्षं होऊन आता कळलं.

आणि मग तिचं ते आलं. दिवेलागणीची वेळ, ती उदबत्ती लावत होती. तळपायाखाली घरघर, गुडघ्यात सैलपणा. ती तशीच धावत जिन्याखाली गेली. पोरं क्लासला गेलेली, गल्ली शांत. तिन्ही रेघा सरळ. मागं सरकवून पाहिलं, सरळ. काडेपेटीची काडी टेबलावरून पडावी एवढंसुद्धा काही नाही.

एकदा झालं, तिनं सोडून दिलं. दोनदा झालं. क्लासमध्ये खडू थांबला की ती घड्याळ बघून ठेवायची आणि घरी आल्यावर तेवढी जागा शोधायची. सरळ. न्हाणीत, अंगणात, सरळ. डबी बिघडली असेल म्हणून तिनं फरशीवर मूठ आपटली. डबी ठणठणीत होती.

"बघ, काही नसतं," सिद्धराम म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. इतक्या वर्षांनी बायकोच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असं त्याला खरंच वाटलं. "आता तरी स्वस्थ झोप."

इंदूनं त्याच्याकडं पाहिलं. "काही नसतं म्हणजे मग काय असतं ते?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

तिला वाटलं होतं, एकदा खात्री झाली की बरं वाटेल. झालं उलटं. जोवर भुईवर संशय होता तोवर ती तिच्या एकटीची गोष्ट नव्हती. आता घराखालचा खडक निवांत पडला होता आणि हलत होती ती. तिला घराची भीती वाटेनाशी झाली, स्वतःच्या पायांची वाटू लागली. क्लासला जाताना ती भिंतीच्या कडेनं चालायची. तरी प्रोग्राम तिनं बंद केला नाही. रोज जिन्याखाली जाऊन बसायची आणि ती सरळ रेघ सरकताना बघायची. जेवायला हाक मारली तर ऐकू जायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात शरणप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातूरला आले. नव्या गावात घर मिळूनही हा माणूस कधी स्लॅबखाली झोपला नव्हता. दारासमोर पत्र्याचं छप्पर घालून त्यात बाज टाकायचा. इथंही अंगणातच बाज मागितली. सिद्धरामनं मच्छरदाणी बांधून दिली. ऑपरेशन झालं. दिवसा ऊन सोसवेना म्हणून काळा चष्मा लावून ते घरात अंधाराची जागा शोधू लागले आणि जिन्याखालची खोली त्यांना सापडली.

"हे काय करूलालंय गं एकटंच?" त्यांनी विचारलं.

इंदूनं सांगितलं, भुई हलली की ह्याला कळतं, आणि ते लांब परदेशात कळवतं.

शरणप्पांनी डबीकडं मान वाकवून पाहिलं. "एवढुसं हाय की," म्हणाले. मग दुपारी ते तिथंच बसू लागले, भिंतीला पाठ लावून. इंदूला सुट्टी असली की तीही शेजारी पेपर तपासत बसायची. बोलणं फारसं नसायचं. दोघांना तशी सवयच होती.

एका दुपारी असंच. पोरं वर झोपलेली, सिद्धराम ऑफिसात, वीज होती म्हणून पंखा चालू. इंदूच्या पायाखाली ते सुरू झालं. तिनं पेन खाली ठेवलं आणि पडद्याकडं पाहिलं. सरळ. सवयीनं तिनं मान वळवली, तर शरणप्पांचा तळहात फरशीवर पालथा टेकलेला होता. चष्मा काढलेला. ते तिच्याकडं बघत नव्हते, डोकं जरा वाकडं करून ऐकत होते. मग त्यांनी हात उचलला. तिच्याही पायाखालचं तेव्हाच थांबलं होतं.

दोघांची नजर भेटली.

"तुला बी?" शरणप्पा म्हणाले.

"हाव," इंदू म्हणाली. कित्येक वर्षांत तिच्या तोंडून हा गावचा शब्द निघाला नव्हता. "कधीपासून, आप्पा?"

"तवापासूनच की."

"मला कधी बोलला न्हाईत."

"तू शिकलेली. म्हणलं तुला कशाला येतंय असलं." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "ह्यात न्हाई आलं न्हवं?"

"न्हाई आलं."

शरणप्पांनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. ते हाताची बोटं चोळत राहिले. दोन बोटांना नखं पुन्हा धड आलीच नव्हती. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, कुणी न विचारता, जणू कालच कुठंतरी थांबलेलं पुढं चालू केलं.

"मी आखाड्यावरनं पळत आलो. गाव दिसंना. धुराळा नुसता. आपली जागा चिंचंवरनं वळखली. हाका मारल्या तर तुझ्या आईनं ओ दिली. खालनं. मी दगड काढू लागलो. एकटाच. ज्येचं त्येचं ज्येला त्येला झालं होतं, कोण येतंय. ती बोलत होती. चांगलं बोलत होती."

इंदूनं पुढ्यातले पेपर बाजूला सारले.

"मला म्हणली, इंदूला काढलं का?"

पंख्याचा आवाज येत होता. पडद्यावर रेघ सरकत होती.

"तिला काय सुदरत न्हवतं. तू घरातच हाईस वाटलं तिला. दोन-तीन डाव इचारलं. मी पहिल्यांदा म्हणलं, अगं ती नांदेडला हाय. तिला ध्यानातच येईना. सारखं, इंदूला काढा, आधी इंदूला काढा. मग मी म्हणलं, हाव, काढलं. भाईर बसलीया. पानी पेऊलाली." शरणप्पा थांबले. "मग गप झाली. म्हणली, बरं झालं. त्येच्या फुडं काय बोलली न्हाई."

"सिद्धूचं?" इंदूनं विचारलं.

"त्येचं न्हाई इचारलं. त्यो तिच्या कुशीतच हुता. तिला कळलं आसंल."

वरच्या खोलीत कुणीतरी उठलं, चार पावलं चाललं. रेघा जराशा शहारल्या आणि पुन्हा निवल्या.

"मी जात्या माणसासंगं खोटं बोललो," शरणप्पा म्हणाले. "म्हणून तुला न्हाई सांगितलं. कसं सांगणार."

इंदू उठून त्यांच्याजवळ खाली फरशीवर बसली, डबीच्या शेजारी. "खोटं कुठं, आप्पा," ती म्हणाली. "होतेच की मी बाहेर."

मग ती रडली. त्र्याण्णवला ती ढिगावर उभी होती तेव्हा रडली नव्हती, दहाव्याला नाही, लग्नात नाही. तिनं झोपेत घालवलेल्या त्या पहाटे आई तिच्यासाठी जागी होती, तिला शोधत होती, आणि ती वाचल्याचं ऐकून गप्प झाली होती. हे बरं वाटण्यासारखं होतं की जन्मभर पुरेल असं दुःख, तिला ठरवता येईना. शरणप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं सिद्धरामला सगळं सांगितलं. तो इंजिनिअर माणूस, पण त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. नंतर उठला आणि जिन्याखाली गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "मी 'काही नसतं' म्हणालो होतो. तसं म्हणायला नको होतं." त्यानंतर त्यानं ते शब्द घरात पुन्हा काढले नाहीत. तिचा हात कामात थांबला की तोही थांबायचा, ते जाईपर्यंत.

शरणप्पा डोळा बरा झाल्यावर गावी परतले. प्रोग्राम पुढं दोन-तीन वर्षं चालू होता. एका पावसाळ्यात खरोखरचा बारीक धक्का बसला तेव्हा रेघांनी उडी मारली, वरची पोरं खाली अंगणात आली, आणि इंदूनं त्यांना शांतपणे रांगेत बसवून ठेवलं. पुढं त्या परदेशातल्या प्रकल्पानं नोंदी घेणं थांबवलं. डबी उखडायला गेलं तर फरशीचा तुकडा निघू लागला, म्हणून ती तशीच राहू दिली. कॉम्प्युटर औषधांचे हिशोब करत राहिला, बिघडेपर्यंत.

इंदूचं ते गेलं नाही. आजही येतं. क्लासमध्ये खडू थांबतो, नव्या बॅचची पोरं एकमेकांकडं बघतात. फरक एवढाच की आता मॅडम घड्याळ बघून ठेवत नाहीत. तास संपला की व्हरांड्यात येऊन कवठाळीला फोन लावतात. तिकडं शरणप्पा बाजेवर बसलेले असतात, फोन कानाला लावायला त्यांना वेळ लागतो.

"आप्पा, आलं होतं का?"

"आलं होतं," ते म्हणतात. "जेवलीस का?"